सहावी प्रत

— अन् एप्रिल महिन्यात स्वेटर काहून घातला, असंच नं? विचारा नं जी, सारेच विचारतात. बाहेर सदरच्या रस्त्यावर डांबर पातळ होऊन राहिलं अन् हा माणूस इथं लोकरीचा स्वेटर घालून बसला — पण तुमीच पाहा, पाच मिनिटं नाही झाली तुमाले आत येऊन अन् दुपट्टा गळ्याभोवती घेतलाच. ही थंडी आपल्यासाठी नाही बावा, त्या काचेमागच्या मशीनसाठी आहे. तिले गरमी सोसत नाही, आपल्याले सोसते. बसा, ती खुर्ची ओढा. तसं पाह्यलं तर तुमी इथं यायलेच नाही पाहिजे होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. चपराशानं कसं सोडलं तुमाले, काय माहीत — ‘देवकी भोयरचा बाप’ म्हणले असान अन् त्यानं दार उघडलं असन. आता आलेच आहात एवढ्या उन्हात, हुडकेश्वरहून, तर घोटभर चहा पिऊन जा. पण सही मागान, तर ती मी देऊ शकत नाही नत्थूजी. आज गुरुवार, शनिवारी इथून देवकीच्या कामाचा कागद पास होऊन निघाला नाही तर बंगलोरची जागा दुसऱ्याले जाते, दोन वर्षांचं ट्रेनिंग जाते — सारं ठाऊक आहे मले. डायरेक्टर साहेबांचा, ताराचंदजींचा, दोनदा फोन आला. तरी नाही देत. आता नाही देत तर काहून नाही देत, हे तरी ऐकून जा, नाही तर बसमध्ये बसून तुमी मले शिव्याच द्यान.

तुमी रेल्वेत होते नं? अजनीच्या केबिनमध्ये — तिच्या फॉर्मवर वाचलं होतं मी, ‘वडील: निवृत्त केबिनमन’. मंग तुमाले लवकर समजन, इथल्या बाबू लोकांपेक्षा लवकर. पाहा, अडुसष्ट साली आपल्याकडं एक मशीन आली. इकडच्या कोळसा खाणींमधून दिवसातून चार वेळा आकडे येतात — खाली किती गॅस आहे, हवा किती खेळून राहिली — ते सारं ती मशीन पाहते अन् छापून देते, अन् तो छापलेला कागद पाहून माणसं खाली सोडतात. पंधरा वर्षं झाली. त्याचे प्रोग्राम ज्या दोघांनी लिहिले त्यातला एक वारला, अन् दुसरा कॅनडात आहे, पत्राले उत्तर देत नाही. अन् मशीन आता थकली, तिचे सुटे भाग मिळत नाहीत कुठं. ही काचेमागची नवी आली, मोठी, पण हिची भाषा वेगळी. जुन्या मशीनले समजत होते ते सारेच हुकूम हिले समजत नाहीत. मंग काय करावं? सारे प्रोग्राम नव्यानं लिहा म्हणलं तर पाच वर्षं, अन् खाण काय पाच वर्षं थांबते? म्हणून नव्या मशीनच्या पोटातच जुन्या मशीनचं सोंग उभं करायचं ठरलं. जुना प्रोग्राम आत चालते, त्याले वाटते मी आपल्या जुन्याच घरी आहे. अन् त्यानं असा एखादा हुकूम सोडला, का जो नवीले कळतच नाही, तर वर एक राखणदार प्रोग्राम बसला असते — हायपरवायझर म्हणतात त्याले, नाव सोडून द्या — तो त्याले थांबवते, ते काम आपल्या हातानं हुबेहूब जुन्यासारखं करून देते, अन् म्हणते, चल गा पुढं. आतल्याले पत्ताच लागत नाही. तुमच्या देवकीनं त्या राखणदाराले असा एक हुकूम करून दाखवायले शिकवलं. पॅच म्हणतो आमी त्याले, ठिगळ. अडीचशे ओळींचं ठिगळ, पण त्यातून खाणीतला प्रत्येक आकडा जाते.

अन् मी ते तपासतो. मी लिहीत नाही काही, फक्त तपासतो. आमचा नियमच आहे तसा — जो लिहितो त्यानं तपासायचं नाही, जो तपासतो त्यानं एक ओळ लिहायची नाही, अन् दोघांनी समोरासमोर बसून बोलायचं नाही. हो, खरंच. ती सिव्हिल लाइन्सच्या इमारतीत बसते, मी इथं. तिचे कागद चपराशी दप्तरात बांधून आणते — असे घडीचे, लांबच लांब — मी समासात लाल पेन्सिलनं शंका लिहितो, ती हिरव्या पेनानं उत्तर लिहिते, दप्तर परत. काहून, तर लिहिणारा समोर बसला का गोड बोलून पटवून टाकते. मशीन गोड बोलण्यानं पटत नाही. म्हणून जे काय म्हणायचं ते समासात म्हणायचं. चार वर्षांत मी देवकीले कितीदा पाह्यलं असन? पाचदा. एकदा जिन्यात. ‘नमस्कार सर’ म्हणली अन् खाली उतरून गेली.

घ्या, चहा आला. साखर जास्तच असते इथं.

आता चूक कुठं आहे ते सांगतो. मशीनची आठवण म्हणजे एक वही समजा, पानापानांची. सारी पानं एका वेळी समोर नसतात, काही गोदामात ठेवलेली असतात, लागलं का आणायचं. अन् आकडा कधी कधी असा येते का त्याची दोन घरं या पानाच्या बुडाशी अन् दोन घरं पुढच्या पानाच्या डोक्यावर. समजा सकाळी गॅस होता एकशे दोन — शून्य, एक, शून्य, दोन. दुपारी झाला नव्याण्णव — शून्य, शून्य, नऊ, नऊ. राखणदारानं पहिली दोन घरं लिहून टाकली, शून्य शून्य. अन् पुढचं पान पाह्यलं तर ते समोर नाही. थांबला. आता ते पान गोदामातून येईपर्यंत मशीन रिकामी बसत नाही, दुसऱ्या कामाची पाळी लावते — अन् पाळी आली छापणाऱ्या प्रोग्रामची. त्यानं काय वाचलं? पहिली दोन घरं नवी, मागची दोन जुनी. शून्य, शून्य, शून्य, दोन. दोन, नत्थूजी. खाली नव्याण्णव आहे अन् कागदावर दोन छापून आलं. तो कागद घेऊन खाणीवरचा माणूस काय म्हणन? जा म्हणन खाली, बिनघोर जा.

हो — बरोब्बर. रुळाचा काटा अर्धा फिरून अडकला अन् सिग्नल पडून गेला, अगदी तेच. तुमच्याकडं काटा पुरा बसल्याशिवाय सिग्नलचा दांडा हलतच नाही नं? तसंच इथं पाहिजे. लिहायच्या आधी दोन्ही पानं समोर आहेत का पाहायचं, नसली तर एक अक्षर लिहायचं नाही. तिनं हे ठिगळ दहाव्यांदा लिहून पाठवलं, त्या दहाव्या प्रतीत ते नाही. मंगळवारी मी मशीनवर चालवून पाह्यलं — आला दोन. हा पाहा कागद, खाली तारीख आहे. आता सांगा, यावर सही करू? तुमच्या पोरीची जागा जाते म्हणून करू? नाही होत बावा. कोणाचं पोरगं खाली असन.

कुठं निघाले? चहा तर संपवा. — काय सांगता तिले? ‘साहेब म्हणतात तुझं चुकलं’? … तुमाले राग नाही आला माझा? बापानं पायऱ्या चढून यावं अन् ‘बरं साहेब, चुकलं असन तर राहू द्या’ म्हणून उठून जावं, असं कोणी करते का? भांडायचं होतं नं माझ्याशी. बसा. खाली बसा नत्थूजी, तसं सांगू नका तिले. चोर सोडून संन्याशाले फाशी होईन ते.

थांबा, हा खण काढतो. हे सारे गठ्ठे तिचेच. हे ठिगळ माझ्याकडं दहा वेळा आलं. पहिल्या पाच वेळा खऱ्या चुका होत्या, लहानसहान — या नव्या मशीनमध्ये आकड्याची लांबी शून्य लिहिली म्हणजे ती एक समजते, तिथं सारेच फसतात, मीही फसलो होतो सुरुवातीले. अन् ही सहावी प्रत. नऊ फेब्रुवारी. हे पाहा, हिरव्या पेनात, तिचंच अक्षर आहे नं? ‘दोन्ही पाने आधी तपासली आहेत, मगच लिहिले आहे.’ बरोबर आहे. सारंच बरोबर आहे. तीन दिवस मी या प्रतीत चूक धुंडत बसलो, घरी नेली, रविवारभर पाह्यली, मशीनवर उलटीसुलटी चालवली. एक नाही सापडली. एवढं साफ काम मी पंधरा वर्षांत दुसरं नाही पाह्यलं.

मंग सही काहून नाही केली? — तुमी नाही विचारून राहिले, मीच विचारून राहिलो. अकरा आठवडे झाले विचारून राहिलो.

सही केली का ठिगळ लागते, जुनी मशीन भंगारात जाते, अन् ती बंगलोरले जाते. दप्तर येणं बंद. आता तुमी म्हणान, दप्तर तर दुसऱ्याही कोणाचं येईन. येते नं, येते. पण ते लोक उत्तरात ‘दुरुस्त केले’ एवढंच लिहितात. ही लिहिते. एकदा लिहिलं, ‘सर, पेन्सिल बारीक करा, तुमचा सात आणि एक सारखाच दिसतो.’ मी त्या दिवशी इथून उठून सदरमध्ये गेलो, पेन्सिलीले टोक करायचं यंत्र आणलं — हे भिंतीले ठोकलेलं. एकदा कागदावर तेलाचा डाग पडला होता, त्याच्या बाजूले लिहिलं, ‘माफ करा सर, लोणच्याचं बोट लागलं.’ आता यावर तपासणाऱ्यानं काय लिहावं? काहीच लिहू नये. मी लिहिलं, ‘कोणत्या आंब्याचं?’ चार दिवसांनी दप्तर आलं. ‘घरच्या. खट्टा आहे.’ तुमच्या दारचा आंबा खट्टा आहे, हे मले ठाऊक आहे नत्थूजी, अन् माझ्या शेजारी राहणाऱ्या माणसाचं नाव मले ठाऊक नाही.

तसं काही मनात आणू नका. तसं पाहून नका राहू माझ्याकडं. माझी मुलगी असती तर तिच्याएवढीच असती, अन् नाही झाली. पुष्पलता — आमची बायको — जाऊन सहा वर्षं झाली. ती होती तवा घरी गेलं का पहिला प्रश्न असायचा, ‘आज किती चुका पकडल्या?’ तिले त्यातलं काही कळत नव्हतं, पण विचारायची. आता सकाळी खानावळीत जेवतो, तिथं बोलावंच लागत नाही, मी बसलो का ताट येते. इथं आलो का काच, अन् काचेमागं मशीन. संध्याकाळी घरी रेडिओ. पाहा, कधी कधी असं होते का दिवसभर तोंडातून शब्दच निघत नाही, अन् रात्री खाकरून पाहावं लागते, आवाज आहे का गेला. त्यात आठवड्यातून दोनदा ते दप्तर यायचं. मी गाठ सोडायच्या आधी हात धुवायचो. आता काय सांगू तुमाले, हसान.

तर सहाव्या प्रतीवर मी एक शंका काढली. खोटी. म्हणजे अगदीच खोटी नाही, पण नसती काढली तर चालली असती. तिनं नीट समजावून लिहिलं, दीड पान हिरवं. मले इतकं बरं वाटलं. मंग सातव्यावर अजून एक काढली, आठव्यावर एक. मी म्हणलं, काय बिघडते, चार दिवस मागंपुढं. तवा बंगलोरचं मले माहीत नव्हतं — नाही, हेही खोटं आहे, आठव्याच्या वेळी माहीत झालं होतं. ताराचंदजींनी सांगितलं होतं. मी म्हणलं, एप्रिल संपायले वेळ आहे.

अन् नवव्या प्रतीच्या वेळी काढायले काही उरलंच नव्हतं. गाडीभर कागद पाह्यले अन् शेवटी हे लिहिलं — वाचा, नाही तर मी वाचतो, ‘दोन्ही पाने आधी तपासण्यात वेळ जातो. एक तपासून लिहावे, मग दुसरे पाहावे.’ लाल पेन्सिल. माझा सात अन् एक आता वेगळा दिसते, पाहा. तिनं खाली लिहिलं, ‘सर, अर्धं लिहून थांबलं तर?’ तिले समजलं होतं. तिथंच समजलं होतं. अन् मी काय लिहिलं? ‘तशी वेळ येत नाही.’ पंधरा वर्षं झाली मले या कामात. तशी वेळ येत नाही, असं जो लिहिते त्याले मी स्वतः या खोलीतून हाकलून दिलं असतं.

दहावी प्रत आली तवा तिनं मी सांगितलं तसंच बदललं होतं. अन् समासात हिरवं काहीच नव्हतं. सारी पानं उलटून पाह्यली. काहीच नाही. मले वाटलं शाई संपली असन — असंच वाटून घेतलं मी. तर ती चूक, तो दोन, तिचा नाही. माझा आहे. मी घातला तिच्या कामात.

आता रस्ते पाहा. मी स्वतः दुरुस्त करू शकत नाही, तपासणाऱ्यानं लिहिलं का तो तपासणारा राहत नाही. तिले अकरावी प्रत मागू? लिहून, कार्डांवर पंच करून, मशीनवर चालवून आठ दिवस. शनिवार गेला. मंगळवारपासून मी हेच घोकत बसलो होतो का काही होऊ शकत नाही, नियम आहे, मी काय करू. अन् रस्ता तर या खणातच पडला होता. सहावी प्रत पास करायची. नऊ फेब्रुवारीची. ती बरोबर आहे, चाललेली आहे, चाचणीचे कागद लागलेले आहेत. सातवी ते दहावी रद्द. एका सहीचं काम.

फक्त मंजुरीच्या तक्त्यात एक रकाना आहे — ‘नंतरच्या प्रती रद्द करण्याचे कारण’. तो रिकामा ठेवता येत नाही. ठेवला तर टायपिस्ट परत पाठवते. अन् मोघम लिहिलं तर ताराचंदजी मले बोलावून विचारतील, अन् त्यात शनिवार जाईन. खरं कारण लिहिलं तर आजच निघते.

थांबा. चष्मा कुठं ठेवला … हा. लिहून टाकतो. ‘सहाव्या प्रतीत … दोष नव्हता. त्यानंतरच्या शंका … तपासणाऱ्याने … विनाकारण काढल्या. दहाव्या प्रतीतला दोष तपासणाऱ्याच्या सूचनेमुळे आला आहे, लेखिकेने त्यावर लेखी हरकत घेतली होती. सहावी प्रत मंजूर.’ मार्तंड लांजेवार. तारीख, अठ्ठावीस चार त्र्याऐंशी. वाचता येते नं? शाईनं लिहिलं आहे. पेन्सिल इथं चालत नाही.

माझं काय होईन? काही नाही जी, घरी नाही पाठवणार. तपासणीवरून काढतील, भांडाराकडं देतील, टेपा मोजायले. काढलंच पाहिजे. ज्याच्या मनात दप्तर यावं असं असते, त्याच्या हातात ही पेन्सिल देऊच नये. त्याचं मले काही नाही. पण या तक्त्याची एक नक्कल नियमानं लेखिकेले जाते. ती वाचन. अकरा आठवडे ती काय समजून बसली असन — आपल्यालेच काही येत नाही, सर एवढं समजावून राहिले अन् आपण चुकूनच राहिलो. अन् आता हे वाचन.

काय म्हणता? — नाही, जेवायले नाही येत. या रविवारी नाही अन् पुढच्याही नाही. तुमचा मोठेपणा आहे, पण मले तिच्यासमोर बसता नाही येणार.

घरी बोलते? माझ्याबद्दल? … काय बोलते?

‘लांजेवार सरांनी पास केलं, का मंग डोळे मिटून खाली उतरावं’ — असं म्हणते? केव्हा म्हणली? परवा? दहावी प्रत दिल्यावरही असंच म्हणली?

हे तुमी आल्या आल्या काहून नाही सांगितलं … नाही, बरं झालं नाही सांगितलं.

घ्या, हा कागद धरा. घडी करू नका, सहीची शाई ओली आहे. खाली टायपिस्टबाई आहेत, पुष्कळ वेळ बसू देणार नाहीत तुमाले, तरी तिथंच बसून राहा, ठप्पा लागल्याशिवाय उठू नका. अन् तिले एवढंच सांगा, का सहावी प्रत बरोबर होती. मले ते तवाच, फेब्रुवारीतच कळलं होतं, हे तुमी नका सांगू. ते ती वाचनच. — नाही, मी नाही खाली येत. जा तुमी नत्थूजी, चारच्या बसले उशीर होईन. मले काम आहे.